गृहीतक आणि प्रमेय

गृहीतक म्हणजे सिद्धता न मागतां आरंभींच मान्य केलेलें विधान. प्रमेय म्हणजे त्याच्या आधारें तर्कानें सिद्ध केलेलें विधान.

युक्लिडाच्या पांचव्या गृहीतकाचा प्रचलित आशय असा : सरळ रेषेबाहेरील बिंदूंतून तिला एकच समांतर रेषा काढतां येते. हें मान्य करून त्रिकोणाच्या शिरोबिंदूंतून पायाला समांतर रेषा काढा. पायाजवळचे दोन्ही कोन व्युत्क्रम कोनांच्या रूपानें वर येतात आणि तिन्ही कोन मिळून १८० अंश भरतात. हें झालें प्रमेय.

परंतु गृहीतकच लागू नसेल तर? ७८ अंश पूर्व रेखावृत्त आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतून जातें. त्याच्या अनुरोधानें भूमापक विल्यम लॅम्बटन यानें त्रिकोणांची सांखळी दक्षिणेकडून उत्तरेस आणली. १८२३ सालीं वर्धा नदीपलीकडे हिंगणघाट येथें तो वारला. पृथ्वीच्या गोल पाठीवर सरळ रेषेची जागा महावृत्त घेतें, आणि कोणतींही दोन महावृत्तें एकमेकांस छेदतातच. समांतर रेषा तेथें नाहींच. म्हणून अशा त्रिकोणाची बेरीज १८० अंशांहून अधिक भरते : सुमारें १९७ चौरस किलोमीटरांमागें १ विकला. यवतमाळ जिल्ह्याएवढ्या, म्हणजे सुमारें १३,५०० चौरस किलोमीटरांच्या त्रिकोणांत ही वाढ ६९ विकला होईल.

यानें प्रमेय खोटें ठरत नाहीं. शेताच्या तुकड्यावर ही वाढ नगण्य असते. तेथें तें बिनदिक्कत वापरावें. मात्र प्रमेयाचें सत्य गृहीतकाच्या मर्यादेंतच असतें. म्हणून प्रमेय पाठ करतांना विद्यार्थ्यानें आधीं विचारावें : हें कशाच्या आधारावर उभें आहे?