पेरूला निघालात? आधी दम खा!

लिमाचा विमानतळ समुद्राला जवळजवळ खेटून आहे. तिथून सव्वा तासाचं विमान पकडलं की तुम्ही थेट कुस्कोत, ३,४०० मीटरवर! आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी कुस्को वरचढच. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या दोन तृतीयांश. उतरल्या उतरल्या काही जाणवत नाही, माणूस खुशीत चढणीच्या गल्ल्या पालथ्या घालतो आणि रात्री डोकं ठणकतं, मळमळतं, झोप उडते. उंचीच्या या त्रासाला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यालाही तो सोडत नाही. व्यायामाची सवय इथे कामी येत नाही, सावकाश चढणं तेवढं येतं.

माचू पिक्चू कुस्कोपेक्षा खाली आहे! जवळपास हजार मीटरनी. त्यामुळे शहाणा बेत असा: कुस्कोला उतरल्यावर सामान गाडीत टाकायचं आणि तडक उरुबांबाच्या खोऱ्यात जायचं. ते २,८०० मीटरच्या आसपास आहे. दोन रात्री तिथे, मग माचू पिक्चू आणि कुस्को शेवटी. या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. पहिल्या रात्री दारू नको, झोपेची गोळी नको. आणि बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला सुरू झाला किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर सकाळची वाट बघू नका. लगेच खाली उतरा.

कोकाचा चहा तिथे पाहुणचार, इथे गुन्हा. कुस्कोच्या हॉटेलांत गरम पाणी आणि कोकाच्या पानांची टोपली मांडून ठेवलेली असते. चार पानं कपात टाकायची, पाणी पिवळसर हिरवं होतं, चव गवती. खुशाल प्या. फक्त ‘आठवण म्हणून’ त्याच्या पुड्या बॅगेत टाकू नका. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचं पानही येतं.

हवा गार म्हणून ऊन कमी, असं समजू नका. दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, आणि विषुववृत्तही जवळच. टोपी, गॉगल, सनस्क्रीन हवंच.

नाण्यावर औषधाचं झाड! पेरूच्या नाण्यांवरच्या राजमुद्रेत एक झाड आहे, सिंकोना. मलेरियावरचं क्विनाइन याच्या सालीतून मिळालं. १८६० च्या सुमारास क्लेमेंट्स मार्कम या इंग्रजाच्या खटपटीने त्याची रोपं आणि बिया निलगिरीपर्यंत पोचल्या.

आणि एक नाव मनात ठेवावंच असं: दानिएल अल्सिदेस कारियोन. लिमातला वैद्यकाचा विद्यार्थी. अँडीजच्या दऱ्यांमध्ये लोकांच्या अंगावर लाल चामखिळीसारखे फोड यायचे. ओरोयाच्या रेल्वेबांधणीवरचे मजूर मात्र एका भयंकर तापाने दगावले होते. दोन्ही आजार एकच आहेत का? ऑगस्ट १८८५ मध्ये त्याने एका रुग्णाच्या फोडातला स्राव स्वतःच्या हातात टोचून घेतला. ताप चढला. स्वतःच्या लक्षणांच्या नोंदी तो लिहीत राहिला, आणि हात चालेना तेव्हा ते काम मित्रांवर सोपवलं. ५ ऑक्टोबरला तो गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. आजार एकच निघाला. पेरूत ५ ऑक्टोबर हा वैद्यक दिन आहे, आणि तो असायलाच हवा. हा रोग पसरवते ती वाळूमाशी. मच्छरदाणीच्या साध्या जाळीतून ती आरपार जाते; म्हणून दऱ्याखोऱ्यांत संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला किडे पळवणारं मलम लावा आणि औषध लावलेली मच्छरदाणी वापरा.

नळाचं पाणी नको, गाडीवरचं एमोलिएन्ते चालेल. पहाटे लिमाच्या कोपऱ्याकोपऱ्यावर याच्या गाड्या लागतात. भाजलेले सातू, जवस आणि वनस्पती घालून उकळलेलं, वर लिंबू पिळलेलं, किंचित बुळबुळीत पेय. उकळतं आहे म्हणून भरवशाचं. कागदी पेल्यात मागा. सेविचेचं तसं नाही. लिंबाच्या रसाने कच्चा मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण जंतू मरतातच असं नाही. १९९१ च्या कॉलऱ्यात पेरूत तीन लाखांहून जास्त लोक आजारी पडले, तेव्हा कच्च्या माशाकडेही बोट दाखवलं गेलं. खायचंच असेल तर गजबजलेल्या जागी आणि दुपारी, सकाळचा मासा ताजा असताना.

लिमाच्या टॅक्सीला मीटर नसतो, भाडं चढण्यापूर्वी ठरवा. दुकानदार तुमची नोट उजेडात धरून बघेल, राग मानू नका. बनावट नोटा फार आहेत, सुट्टे घेताना तुम्हीही तसंच बघा. इमारतीत हिरव्या पाटीवर पांढरा ‘एस’ दिसला की जागा लक्षात ठेवा. भूकंपात तिथे उभं राहायचं असतं. पोलिसांचा नंबर १०५, रुग्णवाहिकेचा १०६.

आणि पिवळं कार्ड! फक्त लिमा, कुस्को आणि माचू पिक्चू बघणाऱ्याला पीतज्वराची लस तब्येतीसाठी सहसा लागत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात जाणाऱ्याने ती घ्यावी. पण मुंबईत परत उतरताना तिचा दाखला, म्हणजेच हे पिवळं कार्ड, लागतो, कारण भारताच्या यादीत अख्खा पेरू आहे. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पीतज्वर आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास, डेंग्यूवाला एडिस, घरोघरी आहे. एक आजारी प्रवासी आला तर काय होईल, या धास्तीने हा नियम इतका कडक ठेवला आहे. लस एकदाच, आयुष्यभरासाठी. दाखला मात्र दहा दिवसांनी लागू होतो. तिकीट काढलं त्याच आठवड्यात लसीची तारीख घ्या.