पांढऱ्या कापडाची चमक पाण्यात ग्वाही देते

नोटा पारखण्याचा जांभळा दिवा आता अनेक दुकानांत गल्ल्यापाशी असतो. रात्री दुकान वाढवल्यावर बाकीचे दिवे मालवून तो एखाद्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर धरून पाहा. सदरा निळसर उजळून निघेल. शेजारी कोरे मांजरपाट धरले, तर ते मात्र मंदच राहील. हा फरक सुताचा नाही. पांढऱ्या मालाला जी चमक दिली जाते, तिचा आहे.

टिनोपाल, रानीपाल ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. ही द्रव्ये डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा प्रकाश बाहेर टाकतात, त्यामुळे कापडाचा पिवळेपणा झाकला जातो. या गुणाला शास्त्रात प्रतिदीप्ती म्हणतात. १९२९ मध्ये पाउल क्राइस या जर्मन रसायनतज्ज्ञाने हॉर्स चेस्टनटच्या झाडातून काढलेल्या द्रव्याने कापड असे उजळवून दाखवले. आज बहुतेक धुण्याच्या पावडरींतही अशी द्रव्ये असतात. त्यांचा काही भाग कपड्यावर बसतो आणि उरलेला धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीतून बाहेर जातो.

व्यापारी बंधूंनी लक्ष द्यावे ते इथेच. इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावते आणि कामशेतवरून मावळ ओलांडत देहू-आळंदीकडे जाते. लोणावळ्यातील हॉटेले आणि बंगले यांना पांढरीशुभ्र चादर व टॉवेल रोज लागतात. गिऱ्हाईक चादर उजेडात धरून पाहते आणि पांढरेपणा जरा कमी वाटला की भाव पाडते. चादरी जितक्या पांढऱ्या हव्यात, तितकी धुलाई अधिक. आळंदीला नदी फेसाळल्याची छायाचित्रे अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येतात. अशा वेळी पहिले बोट धोबी आणि रंगारी यांच्याकडे वळते. खरे-खोटे कोण तपासतो?

तपासण्याची सोपी वाट आहे. २०१५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या गटारांत १६ ठिकाणी चमक न दिलेल्या कापसाच्या गुंडाळ्या तीन दिवस टांगून ठेवल्या. पैकी ९ गुंडाळ्या अतिनील दिव्याखाली उजळल्या. ज्या गटारात केवळ पावसाचे पाणी असायला हवे, तिथे घरांचे सांडपाणी मिसळत असल्याचे त्यावरून कळले. कापूस अशी द्रव्ये धरून ठेवतो, हे आपल्या धंद्यातील माणसाला निराळे सांगायला नको.

हे काम आपल्यालाही जमेल. कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा नुसत्या पाण्यात उकळून खळ काढावी. साबण मुळीच लावू नये, नाहीतर चमक तिथूनच येईल. तुकडा दिव्याखाली उजळत नाही याची खात्री करून त्याचे भाग करावेत. एक भाग आपल्या धुलाईच्या वरच्या अंगाला आणि दुसरा खालच्या अंगाला ओढ्यात जाळीत बांधून तीन दिवस ठेवावा. तिसरा घरीच ठेवावा. नंतर तुकडे स्वच्छ पाण्याने खळबळून सावलीत वाळवावेत, कारण उन्हाने चमक उतरते. मग अंधारात तिन्ही शेजारी धरावेत. वरचा तुकडा मंद आणि खालचा उजळ, तर दोष आपल्या बाजूला असण्याचा संभव मोठा. दोन्ही सारखेच उजळले, तर मैला वरून येतो आहे. मात्र ही पहिली शहानिशा झाली, निवाडा नव्हे. चमक म्हणजे विष नव्हे. ती धुण्याच्या पाण्याची खूण आहे. पक्का निर्णय प्रयोगशाळेनेच द्यायचा.

विष थेट ओळखणारे पदार्थही तयार होत आहेत, आणि तेही आपल्या पुण्यातच. २००६ मध्ये स्थापन झालेल्या आयसर या संस्थेत सुजित घोष यांच्या गटाने २०१३ मध्ये धातू आणि सेंद्रिय रेणूंची एक सच्छिद्र जाळी तयार केली. ती स्वतः चमकते, पण पिक्रिक आम्लाचा रेणू भेटला की तिची चमक विझते. इथे चमक दिसणे नव्हे, तर विझणे ही खूण आहे. हे पिक्रिक आम्ल म्हणजे एके काळी रेशीम पिवळे रंगवण्याचे द्रव्य. ते विषारी आहे आणि स्फोटकही. रंगाऱ्याच्या पिंपातले द्रव्य आज शास्त्रज्ञ पाण्यात शोधत आहेत, ही गोष्ट आपल्या कारागिरांनी ध्यानात ठेवावी.

१९९४ साली जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांच्या कापडाला दार बंद केले आणि १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही ७० अ‍ॅझो रंगांवर बंदी घातली. आपण कोणता रंग वापरतो हे ज्याला माहीत असते, तो अशा वेळी गिऱ्हाइकाला जबाब देऊ शकतो. पाण्याचेही तसेच आहे. हॉटेलवाला किंवा ग्रामपंचायत उद्या विचारणार असेल, तर आपण आजच पाहून घ्यावे. दोष निघाला तर पावडर मोजून वापरणे, धुण्याचे पाणी ओढ्यात न सोडणे हे आपल्या हातात आहे. दोष नसला, तर तो मंद राहिलेला तुकडा आपल्या बाजूने बोलेल. मापात पाप नको, असे आपण गजाबद्दल म्हणतो. ओढ्यात सोडलेल्या पाण्यालाही तेच माप लावायला हवे.