प्रतिध्वनी सुईला वाट दाखवतो

दाढ काढण्यापूर्वी दंतवैद्य हिरडीत एक इंजेक्शन देतात. थोड्या वेळात ओठ जड होतो आणि आपण जागे असूनही दाढ निघताना वेदना जाणवत नाहीत. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मोठी, म्हणून तिच्यासाठी सहसा संपूर्ण भूल देतात. खरी अडचण येते ती भूल उतरल्यावर. छाती व काख दुखू लागते. अफूवर्गीय वेदनाशामके द्यावीत, तर मळमळते, गुंगी राहते. काही स्त्रियांचे दुखणे तर जखम भरल्यानंतरही महिनोन्‌महिने टिकते. मग दाढेची युक्ती छातीवर चालेल का?

प्रथम वेदनेचा मार्ग पाहू. चेतातंतूच्या आवरणात सोडियम आयनांसाठी सूक्ष्म द्वारे असतात. ती एकापाठोपाठ एक उघडत गेली की विद्युत संदेश पुढे सरकतो. बुपिव्हॅकेनसारखे औषध ही द्वारे अडवते. संदेश वाटेतच थांबतो. काही तासांत रक्त औषध वाहून नेते आणि मार्ग पुन्हा मोकळा होतो.

स्तनाकडील बहुतेक संवेदना दुसऱ्या ते सहाव्या बरगडीलगत धावणाऱ्या चेतांमधून जातात. या चेता कण्याशेजारी बधिर करण्याची पद्धत १९०५ साली ह्यूगो सेल्हाइम यांनी वर्णन केली. परंतु तेथून फुप्फुसाचे आवरण अगदी जवळ असते. सुई अंदाजाने सरकवताना ते भोकसले गेले, तर छातीत हवा शिरून फुप्फुस आक्रसू शकते.

येथे श्रव्यातीत ध्वनी मदतीला येतो. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. छातीवर टेकवलेल्या शोधकातील स्फटिक मात्र सेकंदाला साधारण १ कोटी कंपने करतो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५४० मीटर असतो. भागाकार केला, तर तरंगलांबी येते ०.१५ मिलिमीटर. तरंग जितका आखूड, तितका बारकावा अधिक. पण असा तरंग लवकर शोषलाही जातो. छातीचे स्नायू त्वचेखाली दोन-तीन सेंटिमीटरवरच असल्याने येथे तो चालतो.

३ सेंटिमीटर खोल असलेल्या बरगडीवरून प्रतिध्वनी किती वेळाने परतेल? जाऊन-येऊन अंतर ६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ३९ मायक्रोसेकंद. असे असंख्य प्रतिध्वनी मोजून यंत्र चित्र रेखाटते. हवेच्या सीमेवरून जवळजवळ सारा ध्वनी परततो. म्हणून फुप्फुसाची कड लखलखीत रेषेसारखी दिसते. आणि म्हणूनच शोधक व त्वचा यांमधील हवा घालवण्यासाठी जेल लावतात.

२०११ साली राफाएल ब्लांको यांनी यातून एक सोपी पद्धत सुचवली. तिचे नाव ‘पेक्स’. तिच्यात चेता थेट शोधायच्याच नाहीत; ज्या स्नायूंच्या थरांमधून त्या जातात, तेथे औषध पसरवायचे. पहिल्या प्रकारात छातीच्या मोठ्या व लहान स्नायूंमध्ये सुमारे १० मिलिलिटर औषध सोडतात. २०१२ सालच्या दुसऱ्या प्रकारात त्याशिवाय लहान स्नायू व त्याखालील दातेरी स्नायू यांमध्ये सुमारे २० मिलिलिटर देतात. एकमेकांना चिकटलेल्या दोन ओल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये पाणी सोडले, तर त्या अलग होतात. तसेच येथे थर दुभंगतात आणि द्रव काळ्या पट्ट्यासारखा पडद्यावर दिसतो. औषध योग्य जागी पोचल्याची ती खूण.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. उरोस्थीकडून येणाऱ्या शाखांपर्यंत औषध नेहमी पोचत नाही. त्यामुळे स्तनाची आतली बाजू दुखू शकते. औषध चुकून रक्तवाहिनीत गेले, तर हृदयाला धोका संभवतो. म्हणून भूलतज्ज्ञ थोडे थोडे औषध देतात आणि मधूनमधून सुईत रक्त येत नाही ना, हे पाहतात.

चेता बधिर केल्याने कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण घटेल, अशी आशाही काही संशोधकांना होती. कण्याजवळील पद्धत वापरून दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर तिची चाचणी घेतली गेली. २०१९ साली निष्कर्ष आला: रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक नाही. आशा कितीही रास्त वाटली, तरी तिची परीक्षा घ्यावी लागते आणि प्रतिकूल उत्तरही स्वीकारावे लागते. मात्र शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही तास कमी वेदनेत जाणे, हा लाभ लहान नव्हे. वर्गात प्रतिध्वनीचे गणित सोडवताना ही गोष्ट विद्यार्थ्यांना जरूर सांगावी.