माणसाविषयी कोण लिहितो?

मानसशास्त्राच्या ग्रंथांत ‘मनुष्य’ म्हटले, की त्यात आपणही आलो, असे आपणांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. जेफ्री आर्नेट यांनी सहा अमेरिकी मानसशास्त्रीय नियतकालिकांतील २००३ ते २००७ चे लेख तपासले. पहिल्या नावाचे ७३ टक्के लेखक अमेरिकी विद्यापीठांतले, आणि अभ्यासिलेली ६८ टक्के माणसेही अमेरिकेतलीच! जगाच्या लोकसंख्येत तो देश पाच टक्केही नाही.

लेखक बदलला, की दृष्टीही बदलते. उत्तरेत बहुतेक हिंदूंत निषिद्ध असलेला मामाच्या मुलीशी विवाह दक्षिणेत इष्ट मानतात. या दोन्ही रीती महाराष्ट्रात कशा भेटतात, हे इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले.

उद्यमबागेच्या कारखान्यांत मराठी व कन्नड बोलणारे हात एकत्र राबतात. त्यांच्या मनाचा अभ्यास आपल्याच विद्यार्थ्यांनी लिहावा, असे आम्हांस वाटते.