गटार सामाईक, जबाबदारीही सामाईक

चामड्याच्या धंद्यातील आपल्या बांधवांना कानपूरच्या जाजमऊचे नाव नवे नाही. तेथील टॅनऱ्यांचे पाणी पूर्वी थेट गंगेत जात असे. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करा, नाहीतर टॅनरी बंद करा.

पुढे नेदरलँड्सच्या मदतीने सामाईक शुद्धीकरण केंद्र उभारले गेले व 1994 मध्ये सुरू झाले. उत्तर प्रदेश जल निगमने ते चालवायचे व टॅनरीमालकांनी खर्चाचा वाटा उचलायचा, असे ठरले. केंद्राची क्षमता रोज 3 कोटी 60 लाख लिटर. त्यात 2 कोटी 70 लाख लिटर पाणी शहराच्या गटारांचे व 90 लाख लिटर टॅनऱ्यांचे. शहराच्या पाण्यात मिसळल्याने टॅनरीच्या पाण्याचा जोर कमी होतो आणि जिवाणू त्यातील घाण खातात.

क्रोम मात्र त्यांना पचत नाही. तो गाळात साचतो, पाण्याबरोबर शेतातही जातो. म्हणून तो टॅनरीतच वेगळा काढावा लागतो. अल्कली टाकून खाली बसवलेला क्रोम आम्लात विरघळवून पुन्हा वापरता येतो, म्हणजे मालही वाचतो.

जाजमऊत खर्चाच्या वाट्यावरून तंटे झाले. 2019 च्या कुंभमेळ्यासाठी तर टॅनऱ्यांना कित्येक महिने कुलूप लागले. त्याची झळ मालकाइतकीच कारागिरालाही बसली.

म्हणून आम्ही सुचवतो की, अशा योजनेत सामील होण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : पाणी कोण मोजणार, वाटा कसा ठरणार आणि केंद्र बंद पडल्यास जबाबदार कोण.