शिवणयंत्राच्या पैशातून उमटलेले सूर

आमच्या घरात एक जुने शिवणयंत्र आहे. आजोबांनी ते दुसऱ्याकडून विकत घेतले. पुढे वडिलांनी त्यावर गावाचे कपडे शिवले. त्यावरची सोनेरी अक्षरे पुसट झाली असली तरी ‘सिंगर’ हे नाव अजून वाचता येते. सिंगर म्हणजे गायक, हे मला इंग्रजीच्या तासाला कळले. या नावाचा संगीताशी खरोखरच संबंध आहे, हे मात्र यंदा आमच्या ग्रंथालयात पाश्चात्त्य संगीतावरचे पुस्तक चाळताना समजले.

आयझॅक सिंगर या अमेरिकन माणसाने १८५१ साली शिवणयंत्राचे पेटंट घेतले. यंत्राची किंमत सामान्य माणसाला एकदम पेलणारी नव्हती, म्हणून १८५६ पासून कंपनीने ते हप्त्यांनी देण्यास सुरुवात केली. अशा लहान लहान हप्त्यांतून अफाट संपत्ती उभी राहिली. १८७५ मध्ये आयझॅक वारला, तेव्हा त्याची मुलगी विनारेटा दहा वर्षांची होती. त्या संपत्तीचा मोठा वाटा तिला मिळाला.

विनारेटा पॅरिसमध्ये वाढली. ती स्वतः पियानो व ऑर्गन वाजवी, चित्रेही काढी. १८९३ मध्ये तिने एदमाँ द पोलिन्याक या संगीतरचनाकार राजपुत्राशी विवाह केला. तो तिच्याहून सुमारे तीस वर्षांनी मोठा होता. पण संगीताची ओढ दोघांनाही सारखीच होती. १९०१ मध्ये तो वारल्यानंतरही तिच्या दिवाणखान्यातील मैफली थांबल्या नाहीत.

केवळ मैफली भरवून ती थांबली नाही. रचनाकारांना मानधन देऊन तिने नव्या रचना लिहवून घेतल्या. प्रचंड वाद्यवृंदांऐवजी थोड्या वाद्यांसाठी लिहा, असा तिचा आग्रह असे. स्त्राविन्स्कीचे ‘रेनार’, सातीचे ‘सोक्रात’, पुलांकचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो या रचना अशाच जन्माला आल्या. फाल्याच्या कळसूत्री बाहुल्यांच्या संगीतिकेचा रंगमंचीय प्रयोग प्रथम तिच्याच घरी १९२३ मध्ये झाला.

हे वाचताना मन थोडे खट्टू झाले. हप्ते भरणारे शिंपी कुठे आणि त्या दिवाणखान्यातील निमंत्रित कुठे! परंतु पुढे वाचले, की पॅरिसमधील निराधारांच्या निवाऱ्यासाठीही तिने मोठी रक्कम दिली. १९३३ मध्ये उघडलेली ती इमारत चंदीगढ घडविणाऱ्या ल कॉर्बुझिएने उभारली. १९२८ साली तिने स्थापन केलेली संस्था आजही चालू आहे. विनारेटा १९४३ मध्ये लंडनला वारली.

वडिलांना मी हे सारे सांगितले. दोरा ओवता ओवता ते म्हणाले, “पैसा कुणाचा का असंना, पोरीनं उडवला नाही, हे बरं केलं.”

माझी कॉलेजची फी याच यंत्रावर निघते. म्हणजे एका अर्थी मीही शिवणयंत्राचाच वारसदार आहे. विनारेटाने आपल्या वारशाचे काय केले, ते वर लिहिले. माझ्या वारशाचा हिशेब मला अजून द्यायचा आहे.