भीतीची बाराखडी – लेखांक ९ : सराफ्यात न जाणारा खवय्या

गोळ्या-औषधांवर आज लिहीन असं कबूल केलं होतं. ते पुढच्या खेपेला. मध्येच इंदूरच्याच एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि ते काही डोक्यातून जाईना.

त्यांचा भाचा फोनवर खाण्याचे व्हिडिओ करतो. गराडू, भुट्टे का कीस, खोपरा पॅटिस. बघणारे लाखाच्या घरात. पण गेलं दीड वर्ष सगळं खाणं घरपोच येतं. मागे राजवाड्याचं चित्र छापलेला पडदा, पुढे गोल दिवा, दाराला कडी. मध्यंतरी एका दुकानाच्या उद्घाटनाचं बोलावणं आलं. गडी इस्त्रीचा शर्ट घालून, सेंट मारून जिन्यापर्यंत गेला आणि 'ताप आलाय' असं कळवून माघारी फिरला. बाई विचारतात, लाखभर लोकांसमोर बोलणाऱ्याला लोकांची भीती कशी?

लोकांची नाहीच मुळी. लक्षणं ॲगोराफोबियाची दिसतात, आणि घोटाळा त्या शब्दाच्या भाषांतराने केलाय. 'मोकळ्या जागेची भीती' म्हटलं की माणूस मैदानच डोळ्यासमोर आणतो. बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांनी १८७१ मध्ये ॲगोराफोबिया हे नाव दिलं. ग्रीक 'अगोरा' म्हणजे गाव जमतं तो चौक, बाजार. आपल्या हिशेबात इंदूरचा रात्रीचा सराफा बाजार. सोन्या-चांदीच्या पेढ्यांची शटरं खाली आली की पाट्यांखाली ठेले लागतात, दहीवड्याचा द्रोण हवेत उडवणाऱ्यापाशी घोळका जमतो. त्या गल्लीच्या बरोबर मध्यावर आपण, आणि छातीत धडधड सुरू झाली तर? बाहेर कसं पडायचं? कोण धरेल? भीती या 'तर'ची असते. म्हणूनच रिकामं मैदान, भरलेली बस, सिनेमा थिएटर, बँकेची रांग अशा एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या जागा एकाच माणसाला छळतात.

आता तो खोटा ताप बघा. निरोप धाडला त्या क्षणी मुलाची छाती मोकळी झाली असणार, गार पडलेले हात परत उबदार झाले असणार. हीच खरी मेख. टाळल्यावर जे हायसं वाटतं ते मेंदूला शिकवतं, की बघ, जिन्यावरून परतलास म्हणून वाचलास. पुढच्या वेळी जिनाही दूर वाटतो. मग दिवाणखाना.

प्रसिद्धी यात काय भर घालते? एक तर घरात बसून पोट भरतं, त्यामुळे बाहेर पडायचं कारणच उरत नाही. दुसरं, 'चक्कर आली तर लोक बघतील' याच्या जागी 'लोक शूट करतील' येतं. आणि ते काही मनाचे खेळ नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात माळा विकणारी आपल्या महेश्वरची मुलगी आठवा. फोन रोखून लोकांनी तिला इतकं घेरलं की घरच्यांनी तिला परत गावी धाडलं. तिच्या घाबरण्याला मी आजार म्हणणार नाही, ती शहाणी भीती. भाच्याच्या जिन्यावर मात्र कुणीच उभं नव्हतं.

हा आजार आणि प्रसिद्धी एकत्र कशी नांदू शकतात, याचं एक वेगळं उदाहरण. जॅकी केनी ही मूळची न्यूझीलंडची, लंडनला राहणारी बाई. ॲगोराफोबियामुळे प्रवास अवघड, म्हणून ती गूगल स्ट्रीट व्ह्यूमधून मंगोलिया, पेरू, चिली हिंडली आणि तिथली एकाकी घरं, कुत्री, उंट यांच्या चौकटी टिपून इन्स्टाग्रामवर टाकू लागली. लोकांनी डोक्यावर घेतलं. २०१७ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शन भरलं, आणि त्यासाठी ती विमानात बसली. तिचं मला विशेष कौतुक यासाठी, की तिने आजार लपवून नाव कमावलं नाही, तो आपल्या उपक्रमाच्या नावातच घातला. तापाचे निरोप पाठवायची वेळच ठेवली नाही.

बाई, उपचारात पायऱ्या असतात, आणि सराफा त्यासाठी आयताच बांधलाय. सकाळी अकराला तिथे फक्त सोनं-चांदी. आधी गल्लीच्या तोंडाशी, मग अर्ध्यात, मग रात्री आठला, शेवटी अकराला. पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञाबरोबर बसून आखा. धडधड आपोआप उतरेपर्यंत तिथे थांबायचं, पळायचं नाही. आणि फोन खिशात. वेस्टफालच्या रोग्यांना हातात काठी किंवा सोबत कुणी असलं की धीर यायचा. भाच्याची काठी म्हणजे कॅमेरा. 'माझा पहिला दिवस बाहेर' असा व्हिडिओ करत तो गेला, तर गेल्यासारखं दिसेल, पण काठी काही सुटायची नाही.

आधी फोनवरच बोलायचं असेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, आणि मराठीतही बोलता येतं. पहिला फोन तुम्ही लावा, मग त्याच्या हातात द्या.